हायब्रीड ज्वारी आणि पेशीचे मरण

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. आज या भागातल्या शिवारात खरिपाला सोयाबीन, तूर, कपाशी आणि हळद दिसते. ज्वारी असलीच तर बहुधा रब्बीची. पन्नास वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा परभणी जिल्ह्यात मोडत होता आणि इथले खरिपाचे मुख्य धान्य ज्वारीच होते. सत्तरीच्या आसपासच्या कोणालाही विचारा, त्या काळातल्या दोन ज्वाऱ्या त्याला हमखास आठवतील. एक म्हणजे १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल मिलो, जिची भाकरी घशाखाली उतरत नसे. दुसरी म्हणजे त्याच सुमारास रानात रुळलेली ‘हायब्रीड’. ती बुटकी, लवकर येणारी आणि कडब्याला कमी होती. चवीला गावरानपुढे ती डावी ठरायची, पण खळ्यावर रास मात्र मोठी पडायची.

मिलोला नाके मुरडणाऱ्या घरांनी हायब्रीड पेरली, तेव्हा मिलो कुळाचाच एक वारसा त्यांच्या रानात आला. संकरित ज्वारीच्या प्रत्येक ताटाच्या प्रत्येक पेशीत ज्या तंतुकणिका असतात, म्हणजे ज्यांना शास्त्रज्ञ मायटोकाँड्रिया म्हणतात, त्या मिलोच्या वंशातल्या आहेत. या तंतुकणिकांमुळेच हायब्रीडच्या मादी वाणाचे पराग मरतात, आणि ते मरतात म्हणून हायब्रीड बियाणे स्वस्तात तयार करता येते. पेशी कधी मरायची याचा निर्णय तंतुकणिकांच्या हाती असतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा महाराष्ट्राच्या मातीत शोधून सापडणार नाही. आपले म्हातारपण समजून घ्यायलाही हीच वाट सोयीची आहे.

पराग नसलेले कणीस

दोन वाणांचा संकर करायचा तर मादी ठरवलेल्या झाडाचे पुंकेसर आधी काढून टाकावे लागतात, नाहीतर ते झाड स्वतःच्याच परागाने फळते. मक्यात तुरा खुडला की काम भागते. ज्वारीचे तसे नाही. तिच्या एका कणसात हजारो बारीक फुले असतात आणि प्रत्येक फुलात नर व मादी दोन्ही अवयव. चिमट्याने एकेक पुंकेसर काढत बसले तर दिवसाकाठी मूठभर बियाणेसुद्धा होणार नाही.

यावरचा उपाय १९५४ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जे. सी. स्टीफन्स आणि आर. एफ. हॉलंड यांनी मांडला. त्यांनी मिलो ज्वारी आई म्हणून घेतली आणि काफिर ज्वारी बाप म्हणून. झालेल्या संततीचा पुन्हा काफिरशीच संकर केला, असे पिढ्यान्‌पिढ्या चालवले. शेवटी पेशीचे केंद्रक जवळजवळ पूर्ण काफिरचे झाले, पण केंद्रकाबाहेरचा पेशीद्रव आणि त्यातल्या तंतुकणिका पहिल्या आईच्या, मिलोच्या राहिल्या. अशा झाडाला कणीस येई, फुले उमलत, बीजांडे निकोप असत. पराग मात्र तयार होत नसे. दुसऱ्या वाणाचा पराग पडला की दाणे भरत.

भारतात १९६४ साली प्रसारित झालेला पहिला संकरित ज्वारीचा वाण सीएसएच-१ याच पद्धतीचा. त्याची आई ‘सीके ६०ए’ ही नरवंध्य काफिर. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी हायब्रीडचा धडाका लावला तो याच वाणाच्या जोरावर. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना बीजोत्पादनाच्या प्लॉटची ओळख झाली.

हा प्लॉट जवळून पाहण्यासारखा असतो. मादीच्या चार ओळी, नराच्या दोन, पुन्हा मादीच्या चार. कणीस शेंड्याकडून खाली फुलत येते आणि सकाळी फुले उघडलेली असतात. नर ओळीतल्या कणसाला टिचकी मारली तर तळहातावर पिवळी भुकटी पडते. परागकोश टपोरे आणि पिवळेधमक असतात. मादी ओळीतले परागकोश बाहेर लोंबतात खरे, पण ते बारीक, पांढुरके आणि सुरकुतलेले. कितीही झटका, हाताला काही लागत नाही. मादी ओळीत एखादे भुकटी सांडणारे ताट दिसले की ते भेसळ समजून ताबडतोब उपटायचे, हा प्लॉटवाल्यांचा पहिला धडा.

आईकडून आलेले कण

शाळेत तंतुकणिकेची ओळख पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून होते, आणि ती चूक नाही. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिच्या आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकत ऑक्सिजनपर्यंत जातात. त्या ओघात हायड्रोजनचे धनभारित कण पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. ते परत आत येताना एका फिरत्या विकराला गती देतात आणि त्यातून एटीपी हा ऊर्जेचा रेणू तयार होतो. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा फार कोणाला पटली नव्हती. १९७८ साली तिला नोबेल मिळाले.

तंतुकणिकेचा दुसरा गुण वंशाचा. दीडएक अब्ज वर्षांपूर्वी ती स्वतंत्र जिवाणू होती. दुसऱ्या पेशीत शिरली, तिथेच राहिली आणि आपली बहुतेक जनुके हळूहळू यजमानाच्या केंद्रकाला देऊन बसली. थोडी मात्र तिने स्वतःजवळ ठेवली. माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए अवघा १६,५६९ अक्षरांचा आहे. त्यात ३७ जनुके आहेत आणि त्यांतली १३ प्रथिने बनवतात. तंतुकणिकेला लागणारी बाकीची सुमारे अकराशे प्रथिने केंद्रकाच्या हुकमाने बनतात आणि बाहेरून आत नेली जातात. इलेक्ट्रॉनची ती साखळी या दोन्ही ठिकाणच्या भागांची जुळणी करूनच उभी राहते. एकाचा सुटा भाग दुसऱ्यात नीट बसला नाही तर यंत्र अडते.

शिवाय हा डीएनए माणसात आणि बहुतेक पिकांत फक्त आईकडून येतो. मिलो-काफिरच्या खेळात नेमके हेच घडले. केंद्रक एका घराण्याचे, तंतुकणिका दुसऱ्या घराण्याच्या. पान, खोड, मूळ यांचा संसार या जोडीने निभावला. परागकोशात मात्र जमले नाही.

एका थराची घाई

परागकोशातच का? परागकणांना पोसण्यासाठी कोशाच्या आतून पेशींचा एक थर असतो, त्याला टॅपेटम म्हणतात. हा थर परागांना अन्न देतो, त्यांच्या कवचाचा माल पुरवतो आणि काम संपल्यावर स्वतः विरघळून जातो. म्हणजे या पेशींचे मरण ठरलेलेच असते. त्यांचे कामही भलते जड असते. मक्यात पाहिले तेव्हा परागकोशाच्या वाढीच्या काळात टॅपेटमच्या एकेका पेशीतल्या तंतुकणिका सुमारे चाळीसपट झालेल्या आढळल्या. इतका ताण झाडाच्या दुसऱ्या कुठल्या भागावर क्वचितच येत असेल. जोडीत कुठे ढिलाई असेल तर ती इथेच उघडी पडणार.

हा प्रकार रंगेहाथ पकडला गेला तो सूर्यफुलात. एके काळी मराठवाड्यात, विशेषतः लातूरकडे, सूर्यफूल जोरात होते. पुढे सोयाबीनने त्याची जागा घेतली. सूर्यफुलाचे जवळपास सगळे संकरित वाण एकाच नरवंध्य वंशावर उभे आहेत. फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी १९६९ साली रानटी सूर्यफुलाशी संकर करून तो मिळवला. वनस्पतींच्या तंतुकणिकांतला डीएनए तुटतो, उलटसुलट जोडला जातो आणि त्यातून कधीकधी तुकड्यांची गोधडी जोडल्यासारखे एखादे नवेच जनुक तयार होते. या सूर्यफुलात तसे एक जनुक आहे आणि त्यापासून एक जादा प्रथिन बनते.

ऑक्सफर्डमध्ये यानेके बाल्क आणि ख्रिस्तोफर लीव्हर यांनी अशा फुलांचे परागकोश वाढीच्या टप्प्याटप्प्यावर तपासले. त्यांचा अहवाल २००१ साली आला. टॅपेटमच्या पेशी आक्रसत होत्या, त्यांच्या केंद्रकातला डीएनए तुकडे होत होता आणि त्याही आधी तंतुकणिकांमधून सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन बाहेर गळत होते. पेशी मेल्या त्या शिस्तीत, ठरलेल्या पद्धतीने, पण वेळेआधी. परागांचे पोषण अर्धवट राहिले आणि तेही गेले.

एकाच रेणूची दोन कामे

सायटोक्रोम सी हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. हे लहानसे प्रथिन तंतुकणिकेच्या दोन पटलांच्या मधल्या फटीत असते आणि इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवते. त्याच्याशिवाय श्वसनाची साखळी तुटते. १९९६ साली अमेरिकेत शिआओडाँग वाँग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हेच प्रथिन तंतुकणिकेतून निसटून पेशीद्रवात आले की आत्मनाशाचा हुकूम सुटतो. ते दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटते, सात पाकळ्यांचे चक्र तयार होते आणि ते चक्र कॅस्पेस नावाची कापणारी विकरे जागी करते. मग पेशीचा सांगाडा, केंद्रक, डीएनए सगळे नीटनेटके कापले जाते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही.

तंतुकणिकेचे बाहेरचे पटल फोडायचे की नाही, हे प्रथिनांचे एक कुटुंब ठरवते. त्यातली काही भोके पाडतात, काही त्यांना धरून ठेवतात. डीएनएला झालेली इजा, विषाणूचा शिरकाव, वाढीच्या संदेशांचा अभाव, अशा सगळ्या तक्रारी शेवटी इथे येतात. वनस्पतींत पुढची यंत्रणा वेगळी आहे, त्यांच्याकडे हे चक्रही नाही आणि हे कॅस्पेसही नाहीत. तरीही निर्णयाच्या वेळी तंतुकणिका मध्यभागी असते, ही गोष्ट सूर्यफुलाने दाखवली.

अशा मरणाविना शरीर घडतच नाही. गर्भाच्या हाताला आधी बोटे सुटी नसतात. मधल्या पेशी मरतात तेव्हा ती सुटी होतात. मातीत राहणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत वाढ होताना १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात, प्रत्येक कृमीत त्याच. हा हिशेब आणि त्यामागची जनुके शोधणाऱ्या ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२चे नोबेल मिळाले. आपल्या शरीरातही रोज अब्जावधी पेशी अशाच जातात आणि तेवढ्याच नव्या येतात.

ही यंत्रणा बाहेरच्याने चाळवली तर काय होते, ते अमेरिकेने १९७० साली पाहिले. तिथल्या बहुतेक संकरित मक्यात टेक्सासमध्ये सापडलेल्या एकाच नरवंध्य वंशाच्या तंतुकणिका होत्या. पराग मारणारे त्यांचे जादा प्रथिन तंतुकणिकेच्या पटलात बसलेले असे. करपा रोगाच्या एका बुरशीचे विष नेमके या प्रथिनाला धरते. दोघे भेटले की पटलाला भोके पडत आणि पानेच्या पाने वाळत. त्या हंगामात देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. लाखो एकरांवर एकच तंतुकणिका पेरण्याची किंमत बीज कंपन्यांना त्या वर्षी कळली.

मग म्हातारपण कुठून येते?

१९५६ साली डेनम हारमन यांनी सुचवले की श्वसनात निसटणारे ऑक्सिजनचे तिखट रेणू, म्हणजे मुक्त मूलके, पेशीला झिजवत राहतात आणि ही झीज म्हणजेच म्हातारपण. १९७२ साली त्यांनी या मुक्त मूलकांचे मुख्य उगमस्थान आणि मुख्य बळी म्हणून तंतुकणिकेकडेच बोट दाखवले. मांडणी सुटसुटीत होती आणि लोकप्रिय झाली. अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा बाजार आजही तिच्यावर चालतो.

तिची खरी परीक्षा २००४ साली स्वीडनमध्ये झाली. अलेक्झांड्रा त्रिफुनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात तंतुकणिकेचा डीएनए नकलताना चुका सुधारल्या जात नाहीत. हे उंदीर पंचवीस आठवड्यांपर्यंत ठीक दिसले. मग त्यांचे केस गळू लागले, पाठीला बाक आला, हाडे ठिसूळ झाली, रक्त कमी पडले, हृदय फुगले. निम्मे उंदीर ४८ आठवड्यांच्या आत मेले. एरवी ते दोन वर्षांहून अधिक जगले असते. तंतुकणिका बिघडवली की म्हातारपण येते, हे सिद्ध झाले. पण पुढच्याच वर्षी कळले की या उंदरांत मुक्त मूलके फारशी वाढलेलीच नव्हती. वाढले होते ते पेशींचे आत्मनाशी मरण.

उंदरांतल्या चुकांचे प्रमाण म्हाताऱ्या माणसाच्या कितीतरी पट होते, तेव्हा हा प्रयोग जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. तरी त्याने विचाराची दिशा फिरवली. प्रश्न नुसत्या झिजेचा राहिला नाही. कमजोर तंतुकणिका मरणाचा निर्णय चुकवू लागतात, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

एक चूक उतावळेपणाची. मेंदूतल्या आणि हृदयातल्या पेशी सहसा पुन्हा तयार होत नाहीत. तिथे वेळेआधी गेलेली प्रत्येक पेशी कायमची गेली. हातापायाचे स्नायू वयाबरोबर वाळतात, त्यातही तंतुकणिकांच्या बिघाडाचा वाटा आहे. निकामी तंतुकणिका हेरून मोडीत काढायची व्यवस्था पेशीत असते. तिच्यातली दोन प्रथिने, पिंक-१ आणि पार्किन, जन्मतः बिघडलेली असतील तर माणसाला ऐन तारुण्यात किंवा चाळिशीच्या आसपास पार्किन्सनचा कंप सुरू होऊ शकतो.

दुसरी चूक चालढकलीची. ज्या पेशींनी मरायला हवे त्या मरत नाहीत. त्यांतल्या काही कर्करोगाकडे वळतात. काही विभाजन थांबवून नुसत्या बसून राहतात आणि आसपास दाह वाढवणारी रसायने सोडतात. वयाबरोबर अशा पेशींचा साठा वाढत जातो. म्हणूनच ‘पेशींना मरू देऊ नका’ एवढाच सल्ला देणारे औषध म्हातारपणावरचा उपाय होऊ शकत नाही.

हळद, गोळ्या आणि चालणे

हिंगोलीत हे लिहिताना हळदीला वगळता येणार नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिच्यातल्या करक्युमीनच्या गोळ्या ‘तारुण्य टिकवा’ म्हणून शहरात विकल्या जातात. परीक्षानळीत करक्युमीन खरोखर बरेच काही करते. पोटात गेल्यावर मात्र त्यातले रक्तात फार थोडे उतरते आणि उतरले तेही लवकर मोडते. हळद भाजीत असावी, तिला भाव मिळावा. तिच्याकडून म्हातारपण थांबवण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

बाकी अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा अनुभव तर सावध करणारा आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हा निष्कर्ष १९९४चा. २००९ साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या होत्या, त्यांच्यात इन्सुलिनला प्रतिसाद सुधारण्याचा व्यायामाचा फायदा दिसला नाही. थोडी मुक्त मूलके शरीराला हवी असतात; त्यांच्याच इशाऱ्यावर पेशी नव्या तंतुकणिका बांधते.

तंतुकणिका वाढवणारा सगळ्यात पक्का उपाय अजूनही श्रमाचाच आहे. कॅनडात अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या त्याच उंदरांना आठवड्यातून तीनदा पाऊण तास, असे पाच महिने पळवले. त्यांचे केस, स्नायू, हृदय आणि आयुष्य बऱ्याच अंशी सावरले. २०११ साली हा अभ्यास छापून आला. मेंदूपुरते बोलायचे तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य आणि उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांनी २०१९ साली दाखवले की सेरोटोनिन हा मेंदूतला संदेशवाहक उंदीरवर्गीय प्राण्यांच्या चेतापेशींत तंतुकणिकांची संख्या आणि एटीपी वाढवतो आणि ताणाखाली त्या पेशींना तगवतो.

बापाकडचा इलाज

हायब्रीडच्या गोष्टीतला एक धागा राहिला. मादी वाणाला पराग नसतो, मग तिच्यापासून झालेले बियाणे पेरल्यावर शेतकऱ्याच्या रानात कणसे भरतात कशी? तंतुकणिका तर आईच्याच, मिलोच्याच असतात. याचे उत्तर बापात आहे. नर वाण निवडताना त्याच्या केंद्रकात पुनःस्थापक जनुक आहे ना, हे आधी पाहिले जाते. अशा जनुकाचे प्रथिन तंतुकणिकेत जाते आणि तिथल्या खोडकर जनुकाचा संदेश दाबून टाकते. तंतुकणिकेचा डीएनए तसाच राहतो, दोष तसाच राहतो, पण त्याचा परिणाम दिसत नाही. टॅपेटम आपले काम पुरे करतो आणि मग मरतो.

वैद्यकशास्त्र आता याच दोन वाटांवर आहे. पहिली वाट स्टीफन्सचीच, म्हणजे एकाचे केंद्रक दुसऱ्याच्या पेशीद्रवात. ज्या स्त्रियांच्या तंतुकणिकांत गंभीर दोष आहे त्यांच्यासाठी ब्रिटनने २०१५ साली कायदा केला. आईबापांचे केंद्रकद्रव्य निरोगी दात्या स्त्रीच्या बीजांडात ठेवले जाते. या पद्धतीने जन्मलेल्या आठ बाळांची माहिती न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २०२५ साली प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकराने ज्वारीत जे साधले ते इथे एका दिवसात, सूक्ष्मदर्शकाखाली होते. मात्र ज्वारीचा अनुभव असलेला कोणीही इथे एक सावध प्रश्न विचारील: हे केंद्रक या तंतुकणिकांशी पटवून घेईल ना, आणि नाही पटले तर ते कुठल्या अवयवात, कोणत्या वयात दिसेल?

दुसरी वाट पुनःस्थापकाची: तंतुकणिका न बदलता तिच्या चुकीला केंद्रकाकडून आवर घालायचा. जन्मून बसलेल्या, वय वाढत चाललेल्या माणसाला हीच वाट उपयोगाची, कारण त्याच्या असंख्य पेशींतल्या तंतुकणिका कोणी बदलून देऊ शकत नाही. व्यायामाने आणि टाटा संस्थेतल्या सेरोटोनिनने जे साधते तेही थोडेबहुत याच जातीचे आहे. दोन्हींत हुकूम केंद्रकाचा असतो आणि सुधारणा तंतुकणिकेत दिसते. म्हातारपणावर खरे औषध निघालेच तर ते मरण पुढे ढकलण्यापेक्षा कोणती पेशी कधी मरावी हे ताळ्यावर आणणारे असेल. ज्वारीचे बियाणे करणारे लोक हे काम परागकोशाच्या एका थरापुरते गेली साठ वर्षे करत आले आहेत.